हॅमॉक ताणू नका, सैल सोडा: सातपुड्याच्या पायथ्याशी दोन झाडांमध्ये रात्र कशी काढावी

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांत टांगलेल्या झोळीत, झोपून पाठ धरली असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न एकच: किती ताणून बांधला होता? उत्तर ठरलेलं असतं, "अगदी घट्ट." दुखण्याचं मूळ तिथेच आहे. दुर्दैवाने बहुतेक व्हिडिओंमध्येही दोन झाडांत कापड सरळ रेषेत ओढलेलं दिसतं, कारण तसं फोटोत छान येतं. झोप मात्र त्यात येत नाही.

नीट बांधलेल्या हॅमॉकला खान्देशात तंबूपेक्षा जास्त काम आहे. सातपुड्याच्या उतारावर तंबूपुरती सपाट जागा मिळणं अवघड, आणि मिळाली तर दगडगोटे आणि बाभळीचे काटे. तापीकाठची काळी माती एका सरीत चिखल होते. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा जमीन मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते, तंबूत जीव घुसमटतो. जमिनीपासून दीड फूट वर, खालून-वरून वारा, यासारखं सुख नाही. किल्ल्यांच्या बोडक्या माथ्यावर मात्र हॅमॉक नेऊ नका. तिथे झाडं नसतात, आणि जुन्या दगडी खांबाला किंवा ढासळत्या बुरुजाला पट्टी बांधणं हा मूर्खपणा आहे. खांबाचंही नुकसान आणि तुमचंही.

सामान

कापडी हॅमॉक घ्या, जाळीचा नको. जाळीत रात्रभर बटणं अडकतात आणि अंगावर वळ उठतात. लांबी कापडाची मोजा, दोऱ्यांसकट नाही. किमान ३ मीटर, साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाला ११ फूट. बाजारात स्वस्तात मिळणारे २७० सेंटीमीटरचे पॅराशूट हॅमॉक दुपारी आमराईत लोळायला ठीक आहेत. त्यांत तिरकं झोपता येत नाही, आणि तिरकं झोपता आलं नाही तर रात्र जात नाही.

झाडाला गुंडाळायच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी १० फूट, १ इंच रुंद, पॉलिएस्टरच्या. बॅगा शिवणाऱ्याकडे अशी नवार मिळते, पण पॉलिएस्टरच आहे ना हे विचारून घ्या. नायलॉन वजनाने आणि दवाने ताणतं; झोपताना दीड फूट वर असलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. खाटेची सुती नवार ओली होते, कुजते. भंगारातला सीटबेल्ट उन्हाने कमकुवत झालेला असू शकतो, तोही नको. नुसती दोरी झाडाला थेट कधीच बांधू नका. ती सालीत रुतते, आणि सालीखालचा जिवंत थर कापला गेला की त्या जागेच्या वर झाड वाळायला लागतं.

कॅराबिनर (हॅमॉक पट्टीला अडकवायची धातूची कडी) वापरलात तर त्यावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला हवा, १२ किंवा त्याहून जास्त. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसला रंगीत कॅराबिनर बसल्याक्षणी उघडतो.

झाड

खोडाचा घेर छातीच्या उंचीला किमान २ फूट. लिंब (कडुलिंब), चिंच, आंबा, साग, अंजन, धावडा चालतात. अंजनाइतकं भरवशाचं झाड आपल्याकडे दुसरं नाही. शेवगा, पांगारा, सालई टाळा. लाकूड ठिसूळ किंवा पोचट. बाभळीचं खोड दणकट असतं, पण खाली पडलेले काटे रात्री लघवीला उतरताना चपलेतून आरपार जातात. सागाखाली फेब्रुवारीपासून सावली नसते आणि वाळक्या पानांचा थर असतो. त्यात वणव्याची भीती, म्हणून पानं झाडून दहा-बारा फूट जागा मोकळी करा.

मग वर बघा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. वाळकी फांदी दिसली, झाड बदला. आग्या मोहोळ दिसलं, शंभर पावलं लांब जा. वड, पिंपळ, काटेसावर ही त्यांची आवडती झाडं. आंब्यावर पानं चिकटवून केलेले गोळे दिसले तर ती लाल मुंग्यांची घरटी आहेत, पट्टीवरून त्या थेट तुमच्याकडे येतील. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली अजिबात नाही. फुलं टपकतात, ती खायला अस्वल येतं आणि पहाटे अंधारातच वेचायला माणसं येतात. दोघांच्याही वाटेत तुम्ही नको.

दोन झाडांतलं अंतर १२ ते १६ फूट. पावलांनी मोजा, साधारण ५ ते ६ ढांगा.

बांधणी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लिंबाच्या आडव्या फांदीला झोका बांधतात, त्याचा अनुभव इथे फसवतो. झोक्याचा दोर सरळ खाली येतो, त्यामुळे बसणाऱ्याचं वजन दोन दोरांवर निम्मं-निम्मं पडतं. हॅमॉकचे दोर आडवे जातात. आडव्या दोराला तुमचं वजन पेलायचं तर त्याला कितीतरी जास्त जोराने ओढावं लागतं, आणि दोर जितका सपाट तितका हा जोर वाढत जातो.

आकडे पाहा. माणूस ७० किलोचा धरा. पट्टी आडव्या रेषेशी ३० अंशांनी खाली उतरत असेल तर प्रत्येक पट्टीवर ७० किलोचा ताण. २० अंशांना सुमारे १०० किलो. १० अंशांना २०० किलो. ५ अंशांना, म्हणजे दिसायला जवळजवळ सरळ, ४०० किलो. हा ताण प्रत्येक बाजूला आहे, दोन्ही मिळून नाही. माणूस धपकन बसला की क्षणभर त्याच्याही पुढे जातो. शिवण उसवणं, कॅराबिनर उघडणं, हाताच्या मनगटाएवढं झाड वाकणं, यामागे बहुतेक वेळा "सैल दिसतोय, अजून एक ओढ मार" हेच असतं.

आणि एवढं करून मिळतं काय? ताणलेल्या कापडाच्या दोन्ही कडा वर उठून खांदे आवळतात, मधे खोल नळी होते आणि तुम्ही त्यात सरळच झोपू शकता. पाठ कण्यापाशी मुडपते. कूस बदलली तर हॅमॉक उलटा होतो. सैल सोडलेल्या कापडाला रुंदी मिळते, त्या रुंदीत तिरकं झोपता येतं आणि तिरकं झोपलं की पाठ सपाट होते. हे कळायला वेळ लागतो, कारण डोळ्यांना सैल म्हणजे चुकीचं वाटतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

म्हणून ३० अंश. हा कोन मोजायला कोनमापक नको. पट्टी झाडापासून १ फूट आडवी पुढे येते तेवढ्यात ती ७ इंच खाली उतरली पाहिजे. वीत, काठी, काहीही लावून एकदा मोजा. रिकाम्या हॅमॉकवर नाही, कुणालातरी आत बसवून, कारण रिकामा असताना कोन वेगळाच दिसतो.

दर वेळी हे मोजायचा कंटाळा येणारच. त्यावर पक्का उपाय म्हणजे रिजलाइन: हॅमॉकच्या दोन टोकांना वरून जोडणारी, ठरलेल्या लांबीची, न ताणणारी दोरी. लांबी कापडाच्या ८३ टक्के. कापड ११ फूट, म्हणजे १३२ इंच, तर दोरी ११० इंच. कापड १० फूट तर १०० इंच. ही दोरी असली की झाडं जवळ असोत की लांब, कापडाचा झोल कायम तोच राहतो. पट्ट्या थोड्या जास्त ओढल्या गेल्या तरी झोल बिघडत नाही, ताण दोरी घेते. दोरी ३ मिलिमीटरची पॉलिएस्टरची किंवा डायनिमाची (जवळजवळ न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याची) हवी. कपडे वाळत घालायची गुलाबी नायलॉन दोरी लावलीत तर ती ताणत राहते आणि मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

रिजलाइन बांधली म्हणून वाटेल तसं ओढायला मोकळीक मिळत नाही. आत झोपून ती दोन बोटांत धरून वाकवून बघा. थोडी वाकली पाहिजे. छेडल्यावर वाजण्याइतकी कडक असेल तर पट्ट्या फार सपाट आहेत. उतरा, त्या वर सरकवा किंवा सैल करा. लोंबत असेल तर पट्ट्या फार सैल किंवा फार वर आहेत.

पट्टी खोडावर किती उंचीला गुंडाळायची हे झाडांतल्या अंतरावर ठरतं. "छातीच्या उंचीला बांधा" हा सरसकट सल्ला टाकाऊ आहे. ११ फुटांचं कापड, वर सांगितलेली रिजलाइन आणि बसायची उंची दीड फूट धरली तर साधारण असं येतं: झाडं १२ फुटांवर असतील तर पट्टी ५ फुटांवर. १४ फुटांवर, तर साडेपाच. १६ फुटांवर, तर सव्वासहा. नाइलाजाने १८ फुटांवर, तर पावणेसात, म्हणजे हात पूर्ण वर करून. त्याहून लांबच्या झाडांचा नाद सोडा. जमीन उताराची असेल तर उंची प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून न मोजता हॅमॉकच्या मध्याखालच्या जमिनीच्या पातळीपासून मोजा, नाहीतर एक बाजू तिरकी होते.

पट्टी बांधायची पद्धत साधी. एका टोकाला फासा शिवलेला असतो. पट्टी खोडाभोवती फिरवून दुसरं टोक त्या फाशातून काढा आणि ओढा. खोड गुळगुळीत असेल तर दोन वेढे द्या. मोकळ्या टोकावर, हॅमॉक जिथे यायला हवा तिथे, पट्टीला एक पीळ देऊन गोल करा. झाडाकडून येणारी पट्टी त्या गोलातून चिमटीने बाहेर काढा आणि तयार झालेल्या फाशात अंगठ्याएवढी जाड, चार इंच लांब सुकी काठी अडकवा. आता हॅमॉकच्या टोकाची दोरी काठीवरून घालून काठीच्या मागे, थेट गाठीवर बसवा. वजन गाठीवर यायला हवं, काठीवर नाही. काठीवर आलं तर ती मोडते. सकाळी काठी उपसली की गाठ आपोआप सुटते, आणि जागा बदलायची तर अर्धा इंच इकडे-तिकडे करता येतं. बाजारातल्या ठरावीक फाशांच्या पट्ट्यांत हे जमत नाही, त्यांत प्रत्येक फाशाला चार-सहा इंचांचा फरक पडतो.

पायाकडची बाजू डोक्यापेक्षा ६ ते ८ इंच वर घ्या. धड जड असतं. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर रात्रभर पायाकडे घसरत राहता आणि सकाळी गुडघे पोटाशी. या एका गोष्टीसाठी लोक महागडे हॅमॉक बदलतात.

पहिल्यांदा बसताना ढुंगण मध्यावर टेकवा, हात कडेला, वजन हळूहळू सोडा. पाय जमिनीला पुरले पाहिजेत आणि बसायची उंची १८ इंचांपेक्षा जास्त नको. खाली दगड, खुंट, काचा नाहीत हे बघितलेलं असू द्या. पंधरा-वीस मिनिटं लोळून उतरा आणि उंची परत तपासा. गाठी बसतात, पट्टी सालीत दबते, दोन-तीन इंच खाली येणं ठरलेलं. हे उजेडात करायचं काम आहे. सूर्य मावळायच्या तासभर आधी हॅमॉक बांधून झालेला हवा.

झोपणं

डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे फूटभर, पाय उजवीकडे फूटभर. किंवा उलट, ज्या बाजूला पाठ सपाट वाटेल तसं. पोटऱ्यांखाली कापडाची ताठ कड आली किंवा गुडघे मागे ताणल्यासारखे वाटले तर गुंडाळलेला टॉवेल गुडघ्यांखाली द्या. उशी लहान घ्या. मोठी उशी मान पुढे ढकलते.

पाठीखालचा गारवा

इथे खान्देशी माणूस हमखास फसतो, कारण त्याला हॅमॉक उन्हाळ्याचा माहीत असतो. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे, किंवा पाल-यावलच्या जंगलपट्ट्यात, पहाट एक अंकी तापमानापर्यंत उतरू शकते. अंगावर तीन पांघरुणं घेऊनही पाठ बर्फ होते. कारण असं की पांघरूण ऊब देतं ते त्याच्यात अडकलेल्या हवेमुळे. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली चेपतो त्यात हवाच उरत नाही, आणि खालून वारा मोकळा वाहत असतो. वीस-बावीस अंशांच्या खाली पारा गेला की हे जाणवायला लागतं, म्हणजे होळीच्या सुमारासही सातपुड्यात.

उपाय दोन. स्वस्त उपाय म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाडीची फोमची मॅट. ती सरकते, म्हणून स्लीपिंग बॅगच्या आत घाला, किंवा दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन कापडांच्या मधे. खांदे मॅटबाहेर येतात आणि तिथेच गारठतात, म्हणून खांद्यांजवळ दोन फूट बाय एक फूट असा फोमचा आडवा तुकडा जोडा. हवेची फुगवायची मॅट नको, त्यावरून तुम्ही घरंगळता.

दुसरा उपाय झोपेला चांगला: पांघरूण हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगणं. खास त्यासाठी शिवलेली रजई मिळते, महाग असते. वजन वाहायचं नसेल, बैलगाडी किंवा मोटारसायकल शेतापर्यंत जात असेल, तर घरची गोधडी चालते. चारही कोपऱ्यांना दोरी, दोन्ही टोकांना इलॅस्टिक, आणि ती कापडाला खालून नुसती टेकेल अशी टांगा. घट्ट ओढली तर चेपून ऊब जाते. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा घुसतो आणि गोधडी असून नसल्यासारखी. हात खाली घालून कंबरेपाशी आणि खांद्यापाशी फट नाही हे तपासा. पाठीवर गोधडी दोन-अडीच किलो होते, चढाला नेऊ नका.

डास, पाऊस, आग

डास खालून कापडातून चावतात, हे अनेकांना खरं वाटत नाही. मच्छरदाणी हॅमॉकला पूर्ण वेढणारी हवी. साधी पलंगाची घेतली तर रिजलाइनवर टाका आणि खाली मॅट किंवा गोधडी असू द्या.

ताडपत्री ३ बाय ३ मीटरची, कर्णावर टांगली की सव्वाचार मीटर लांबी झाकते. दोरी हॅमॉकच्या पट्टीच्या वरून, वेगळी बांधा. पावसात पाणी झाडावरून पट्टीवर आणि पट्टीवरून थेट तुमच्या उशीखाली वाहत येतं. ताडपत्रीच्या आतल्या भागात पट्टीला सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडा, पाणी तिथून टपकतं. मे-जूनमधल्या वळवाच्या वाऱ्याने रावेर-यावलला उभी केळी आडवी होते, हे लक्षात असू द्या. ढग भरून आले, विजा चमकायला लागल्या तर हॅमॉक सोडून पक्क्या घरात जा. ताडपत्री खाली ओढून वाट बघण्यात शहाणपण नाही.

भरिताचा बेत असेल तर पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) आग हॅमॉकपासून किमान ३० फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एक ठिणगी हॅमॉकच्या नायलॉन कापडाला भोक पाडते आणि पुढच्या वेळी ते भोक तुमच्या वजनाने फाटत जातं. जंगलात आग पेटवूच नका.

बूट रिजलाइनला उलटे टांगा. उतरताना आधी टॉर्च खाली मारा, मग पाय टाका. कोरड्या, दगडाळ जागी फुरसं रात्रीच फिरतं.

परवानगी

यावल, अनेर धरण, गौताळा ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, रात्र काढणं दूरच. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. तिथे बिबट्या आणि अस्वल आहेत, आणि हॅमॉकमधून घाईने उठता येत नाही. सरावासाठी ओळखीच्या शेतातला बांध किंवा आमराई सगळ्यात बरी. शेतमालकाला सांगून ठेवा, म्हणजे रात्री राखणीला आलेला माणूस काठी घेऊन धावणार नाही.

सकाळी

आधी मच्छरदाणी, मग हॅमॉक, मग पट्ट्या, पाऊस असेल तर ताडपत्री शेवटी. पट्टीची प्रत्येक इंच बोटांतून काढत गुंडाळा. कडेचे धागे निघाले असतील, शिवण पांढरी पडली असेल, तर ती पट्टी आजपासून गाठोडं बांधायला. ओली पट्टी पिशवीबाहेर, सॅकला बाहेरून अडकवून न्या.